खोलीत नसलेल्या फरश्या

असले अनुभव वाचून हसणाऱ्यांतला मी, हे आधीच कबूल करतो. भूत, भानामती, बाहेरची बाधा... सगळ्यावर माझ्याकडे एकच औषध होतं – लेन्स पुसा. धंदाच फोटोचा. लग्नाच्या फोटोत मागे पांढरं काहीतरी दिसतंय म्हणून घाबरून आलेल्या लोकांना मी काचेवरचा तेलकट बोटाचा डाग दाखवून कितीदा परत पाठवलंय. आता मीच इथे लिहायला बसलोय म्हटल्यावर ओळखीचे खुशाल हसतील. हसू देत. घरात हे बोलायची सोय नाही म्हणून इथे लिहितोय.

मी सोलापुरात इमारतींचे फोटो काढतो. बिल्डरांचे फ्लॅट, मंगल कार्यालयं, दवाखाने, शोरूम. माणसं हलतात, रुसतात, नेमके डोळे मिटतात. भिंतींचं तसं काही नसतं. या कामात फिशआय नावाची लेन्स लागते. पुढे फुगलेली काच, माशाच्या डोळ्यासारखी. एका फ्रेममध्ये अख्खी खोली बसते, पण कडेच्या भिंती धनुष्यासारख्या वाकतात आणि कोपऱ्यात बसलेल्या माणसाचं डोकं भोपळ्याएवढं होतं. फक्त बरोबर मधून जाणारी रेघ तेवढी सरळ राहते. मग कॉम्प्युटरवर वाकलेलं सगळं सरळ करायचं, की कोंबड्याच्या खुराड्याएवढी बेडरूमसुद्धा हॉल दिसायला लागते आणि बिल्डर खूश. एवढं लक्षात ठेवा – लेन्स ताणते, दाबते, वाकवते. पण चार खुर्च्यांच्या पाच करत नाही. कुठलीच लेन्स करत नाही.

आण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ. वयाने इतके मोठे की वडिलांच्या जागीच. माढ्याकडचं आमचं गाव सोडून ते आधी सोलापुरात आले, चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात लागले, आणि मग मला शिकायला घेऊन आले. पहिला कॅमेरा त्यांनीच घेऊन दिला. त्यांना मूलबाळ नाही, आणि मी लग्न केलं नाही. वैनी म्हणायची, भावजींचं लगीन लेन्साशी लागलंय, वरात तेवढी काढायची राहिलीय. खाली ते दोघं राहायचे, वरच्या खोलीत मी.

खालच्या पुढच्या खोलीत शहाबादी फरशी आहे. चौकोनी दगड, सांध्यात सिमेंट. लेन्स किती वाकवते हे बघायला अशा सरळ रेघा फार सोयीच्या. त्यामुळे मोठं काम असलं की आदल्या दिवशी मी तिथे चाचणीचा फोटो काढायचो. दाराशी ट्रायपॉडच्या पायांसाठी ऑइलपेंटचे ठिपके कायमचे मारलेले, आणि खोलीच्या मधोमध आण्णांची लाकडी खुर्ची. मधला माणूस वाकत नाही, म्हणून मध्ये आण्णा. त्यांना या कामाचा कोण अभिमान! दाढी करून, टोपी नीट बसवून, श्वास रोखून बसायचे. फोटो बघून दर वेळी म्हणायचे, खोली मोठी करतूस बाबा, पर राहनारा बारीक हुतूय की.

मागच्या उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांना दम लागायला लागला. जन्मभर कापसाची धूळ नाकातोंडात गेलेली. दवाखान्यात ठेवलं, बरं वाटल्यावर घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, सुधारणा आहे, जपा. आम्ही जपत होतो.

घरी आल्यावर आण्णा पहिल्यांदा चाचणीला बसले ती दुपार. बाहेर सोलापूरचं ऊन, दारातून आत भरपूर उजेड. फोटो काढला, वर जाऊन कॉम्प्युटरवर सरळ केला, आणि आण्णा मला लहान दिसले. आजारपणाने वाळलेत, म्हणून असेल असं वाटलं. पण खुर्चीही लहान होती. सवयीने दारापासून खुर्चीपर्यंतच्या फरश्यांच्या ओळी मोजल्या. एक ओळ जास्त.

खाली येऊन जमिनीवर मोजल्या. नेहमीएवढ्याच. पुन्हा वर गेलो, फोटो मोठा करून बघितला. आमची फरशी जुनी आहे, चालून चालून मधोमध गुळगुळीत झालेली, कुठे गॅसच्या टाकीचा गंजका गोल डाग, कुठे टवका उडालेला. आणि या सगळ्यात ती एक ओळ कोरी होती. खरबरीत, निळसर, खाणीतून आत्ता आणल्यासारखी. तिच्यावर कधी कुणाचा पाय पडलेला दिसत नव्हता.

मी काय करणार... लेन्स बदलली. कॅमेरा बदलला. शेवटी वैनीच्या फोनवर काढला. ओळ होतीच. रिकाम्या खुर्चीचा काढला – ओळ नाही. वैनीला बसवलं – नाही. आण्णा बसले की आहे. दोघांना वाटलं, काम मिळवायच्या नादात याचं डोकं फिरलंय.

पुढच्या वेळी अजून ओळी वाढल्या होत्या. त्यापुढच्या वेळी अजून. तिकडे डॉक्टरांचे कागद दर वेळी आधीपेक्षा चांगले येत होते, वैनी शेजारीपाजारी पेढे वाटायच्या गोष्टी करत होती, आणि इकडे माझ्या फोटोत माझा भाऊ लांब लांब चालला होता. मी डॉक्टरांना आडून आडून विचारलं, सगळं पुन्हा एकदा तपासता का? त्यांनी तपासलं आणि मलाच झोपेची गोळी लिहून दिली.

एकदा मी आण्णांची खुर्ची उचलून ट्रायपॉडला जवळजवळ चिकटवली. त्यांचे गुडघे ट्रायपॉडच्या पायांना लागत होते. आण्णा हसले, म्हणाले, आता काय नाकातलं केस मोजतूस का? फोटोत ते पार पलीकडे होते, आणि मध्ये ती कोरी फरशी. मग लांबचं जवळ आणणारी मोठी लेन्स लावून बघितली. तिच्यात ते जवळ आले. चेहरा स्पष्ट, टोपीचा टाकासुद्धा दिसत होता. मला रडू आलं इतका आनंद झाला. दुसऱ्या दिवशी तीच लेन्स लावली तेव्हा तिच्यातही ते इतके लांब गेले होते, की चेहरा ओळखू येत नव्हता.

मग मी फोटो काढणंच बंद केलं. कॅमेरे वर कपाटात ठेवून कुलूप लावलं. आलेली कामं मित्राकडे दिली. मनात म्हटलं, मोजायचंच नाही, मग वाढेल कसं? वेड्याचा हिशोब, पण काही दिवस खरंच वाटलं की जमलं. आण्णा अंगणात येऊन बसत होते, चहात साखर कमी पडली म्हणून कुरकुरत होते.

त्यानंतर पुन्हा दम वाढला आणि ते पुढच्या खोलीतल्या कॉटवरच राहिले. डॉक्टर घरी येऊन बघून जायचे, म्हणायचे घाबरण्यासारखं नाही. भर दुपारची वेळ. मी कॉटच्या काठावर बसून त्यांना डाळिंबाचे दाणे भरवत होतो. त्यांचा डावा हात माझ्या हातात होता, हे मला पक्कं आठवतंय. आण्णा दाराकडे बघत म्हणाले,

"दत्त्या, जरा म्होरं ये की. तितं लांब का उभारलायस?"

मांडीवरची वाटी मी खाली ठेवली. मी म्हटलं, आण्णा, मी हितंच हाय, तुमचा हात धरलाय. त्यांनी हाताकडे बघितलंच नाही. आवाज लांबून आल्यावर आपण कान देतो तसा कान दिला आणि म्हणाले, "मोठ्यानं बोल. ऐकू येत न्हाय."

वैनी म्हणाली औषधांनी भ्रम होतो. मलाही तेच हवं होतं. पण दोन दिवस ते असेच होते. आम्ही दोघं कॉटला टेकून, आणि ते दाराकडे बघत हाका मारत. शेवटी मी ओरडूनच विचारलं, आण्णा, काय दिसतंय तुमाला?

"काय न्हाय रं. खोलीच हाय आपली. लांबलीया लई."

मी म्हटलं, तुमी चालत या की इकडं.

"म्या चालतुयच की. सकाळपास्नं चालतुय. तुमी दोगं दिसताय दारात, पर पोचंना झालोय." मग जरा थांबून, दमल्या आवाजात म्हणाले, "हिला म्हनावं जेवून घे. माजी वाट बगू नगं."

वैनी पदर तोंडात कोंबून आत गेली. आणि मी खिशातून फोन काढला. का काढला ते मला सांगता येणार नाही. मोजायचं नाही असं ठरवलं होतं, पण त्यांना बघायचं होतं, एवढंच. कॉटपाशी उभा राहून, हातभर अंतरावरून, फोटो काढला.

फोटोत कॉट नव्हती. भिंतीही नव्हत्या. फरशी होती, कोरी, निळसर, ओळीमागून ओळी. इतकी लांब खोली कुठल्या बिल्डरने स्वप्नातसुद्धा मागितली नसेल. आणि अगदी टोकाला, मधल्या रेघेवर, एक माणूस. टोपीवरून ओळखलं. तो पडलेला नव्हता. उभा होता, एक पाय पुढे टाकलेला, तोंड आमच्याकडे. मी ओळी मोजायला सुरुवात केली आणि अर्ध्यावर सोडून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैनी चहा घेऊन गेली तेव्हा आण्णा गेलेले होते. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले, त्रास झाला नाही. आलेले सगळे तेच म्हणत होते, पुण्यवान माणूस, त्रास न होता गेला. मी मान डोलावत होतो.

मूल नाही म्हणून सगळं मलाच करायचं होतं. आंघोळ घातली, नवं धोतर नेसवलं. मग वैनीला पायावर डोकं ठेवायला आणलं. ती वाकली आणि तशीच राहिली. बायका तिला उठवायला लागल्या तर उठेना. मला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाली,

"भावजी, ह्यांचं पाय बगा."

आंघोळीच्या घाईत आणि डोळ्यांतल्या पाण्यात माझ्या लक्षात आलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी तिनेच ओल्या फडक्याने त्यांचं अंग पुसलं होतं. बरेच दिवस जमिनीला न लागलेले ते पाय, लहान पोरासारखे मऊ पडलेले. आता दोन्ही तळव्यांना फोड आले होते, काही फुटले होते, टाचा सोलवटलेल्या. आणि आंघोळ घातल्यावरही भेगांमध्ये निळसर करडी धूळ होती. मी बोटाने पुसली. दगडाची पूड. आमच्या फरशीला इतक्या वर्षांत अशी पूड कधी सुटलेली नाही.

वैनीने धोतराचं टोक ओढून पाय झाकले. आम्ही कुणाला काही बोललो नाही.

तुमच्यातले काही जण शास्त्र सांगतील, काही देवाधर्माचं सांगतील. मी दोन्ही ऐकायला तयार आहे. लेन्स तपासून आणल्या, सगळ्या ठीक आहेत. एक फरशी उखडून बघितली, खाली मुरूम आहे, बाकी काही नाही. मला यातलं काहीही कळलेलं नाही. फिशआय विकून टाकली आणि आता पोटापुरतं इमारतींचं बाहेरूनच काम घेतो. खोलीत शिरवत नाही. लोक म्हणतात, आण्णा सोडून गेले. ते ऐकलं की अंगाचा तिळपापड होतो. तो माणूस शेवटपर्यंत आमच्याकडे यायला निघालेला होता, तळवे फुटेपर्यंत.

वैनी दुपारी पुढचं दार लावू देत नाही. झळा आत येतात, घर भट्टीसारखं तापतं, तरी उघडंच. जेवण झाकून ठेवते आणि उंबऱ्याशी बसते. म्हणते, चालाय लागलेला मानूस कवातरी पोचतोच की, भावजी. मी व्हय म्हणतो. फोनमधला तो फोटो मी तिला दाखवलेला नाही.