शालिकच्या खिशातला गूळ

शालिकला जाऊन महिना झाला. तो गेला हे मला कोणी येऊन सांगितलं नाही. मी तिथेच होतो, त्याच्याच अंगणात, त्याच्यावर रागावून बसलेलो...

सालेकसाकडच्या आमच्या गावात मोहफुलांच्या दिवसांत माणसं पहाटेच टोपली घेऊन निघतात. उशीर केला की गुरं आधी पोचतात. शालिकही निघायचा, इन्सुलिन टोचून, उपाशीपोटी. त्याची बायको, देवकावहिनी, ओरडली की म्हणायचा, "आलो का जेवतो." शुगर झाल्यापासून शर्टाच्या खिशात गुळाचा खडा मात्र कागदात गुंडाळून ठेवायचा. मलाही बजावलं होतं, "मले घाम सुटला, मी येड्यावानी बोलून राहिलो, त इचारत बसू नोको. पयले तोंडात गूळ टाक." मी म्हटलं, येड्यासारखं तर तू रोजच बोलतोस. दोघंही हसलो होतो.

तो एकेकाळचा मोहाच्या दारूचा पक्का पिणारा. माझ्या शपथेखातर त्याने दारू सोडली, बारा वर्षं थेंब नाही, आणि त्याचा अभिमान त्याच्यापेक्षा मलाच जास्त. म्हणून त्या सकाळी दहाच्या सुमाराला तो भरली टोपली घेऊन झोकांड्या देत आला, जीभ जड, अंगाला मोहाचा वास, तेव्हा माझं डोकंच फिरलं. मोहफुलं वेचणाऱ्याच्या अंगाला मोहाचाच वास येणार, एवढं साधं मला सुचलं नाही.

"काऊन गा, पुन्हा सुरू केली?"

तो नुसता बघत राहिला. मग म्हणाला, "घरी जाऊन राहिलो..." स्वतःच्याच अंगणात उभा राहून.

वहिनी शेतावर गेली होती. घामाने चिंब झालेला त्याचा शर्ट मीच काढून खुंटीला अडकवला, त्याला खाटेवर निजवलं, म्हटलं उतरू दे. तो घोरू लागला तेव्हा मला बरंच वाटलं. दुपारी वहिनी आली, त्याच्या गार पडलेल्या कपाळाला हात लावला आणि खाली बसली.

सगळं ऐकून डॉक्टर म्हणाले, शुगर उतरली असणार. शुद्धीत होता तेव्हाच गोड दिलं असतं तर... खाटेभोवती अंगणभर मोहफुलं वाळत होती, गुळासारखी गोड. मी चुकलो. वहिनीने बोल लावला असता तर बरं झालं असतं.

तेरवीच्या दिवशी तो शर्ट काढायला मी खुंटीजवळ गेलो. भिंतीवरून थेट त्याच्या खिशापर्यंत मुंग्यांची रांग लागली होती.