काळजाची पळापळ

माझं काळीज पहिल्यांदा पळालं तेव्हा मी बोदवडला मॅट्रिकच्या वर्गात फळ्यावर प्रमेय लिहीत होते. धावले नव्हते, घाबरले नव्हते, कुणी रागावलंही नव्हतं. एक ठोका चुकल्यासारखा झाला आणि पुढचे सगळे ठोके एकमेकांना ढकलत सुटले. गळ्याशी शीर उडायला लागली, पोलक्याची गुंडी हलताना मलाच दिसली. तरी मी प्रमेय पुरं केलं, खाली ‘हेच सिद्ध करायचे होते’ असं लिहिलं आणि मगच बाकावर बसले. अर्ध्या तासाने ते जसं सुरू झालं तसंच गपकन थांबलं. हट्टीपणा माझ्यात आधीपासूनच होता, आजार नंतर आला.

वर्षातून चार-पाच वेळा हे व्हायला लागलं, तेव्हा वडील मला पॅसेंजरने जळगावला घेऊन गेले. माझं नशीब असं की दवाखान्यातल्या बाकावर बसल्या-बसल्याच काळीज सुटलं. डॉक्टरांनी मनगट धरून घड्याळ बघितलं, मोजता-मोजता सोडून दिलं आणि हसले. मशीनवर कागदाची पट्टी काढून म्हणाले, "काळीज धडधाकट आहे. मधूनच उधळतं एवढंच. लगाम तुमच्या हातात आहे. नाक-तोंड बंद करा, श्वास कोंडा आणि पोटावर जोर द्या." मला काही उमजेना. मी नाक धरून नुसती बघत राहिले. शेवटी पडद्यामागून कंपाउंडर ओरडला, "अहो ताई, कुंथा! संडासात कुंथतात तसं कुंथा!" वडील खिडकीबाहेरच्या लिंबाकडे फार लक्ष देऊन बघू लागले. मी कुंथले. दहा-बारा ठोक्यांत काळीज ठिकाणावर आलं.

डॉक्टरांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. जोर देऊन भागलं नाही तर बादलीभर गार पाण्यात तोंड बुडवायचं. तासाभरात थांबलं नाही, छातीत दुखलं किंवा चक्कर आली, तर मात्र घरी बसायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. मी हे वहीत लिहून घेतलं. त्या दिवसापासून मला त्या पळापळीची भीती वाटली नाही, हे अगदी खरं. भीती दुसरीच होती, आणि ती आईने घातली. घरी पाय ठेवताच ती बातमी तिच्या कानावर गेली आणि ती म्हणाली, "हे कोनाले सांगू नको, माय. काळजाच्या रोगाची पोरगी कोन करून घेते?"

तेव्हा सांगितलं नाही. लग्न झालं, धुळ्यात देवपुरात नांदायला आले, मुलींच्या शाळेत नोकरी लागली. सासर मूळचं सोनगीरजवळच्या खेड्यातलं, शेतकऱ्याचं. घरात सासूबाईंना सगळे अक्का म्हणत, मीही म्हणू लागले. शाळेत काळीज सुटलं की मी मुलींना शुद्धलेखन घालायची आणि फळ्याकडे तोंड करून नाक धरायची. बाईंना खडूची धूळ सोसत नाही, असा मुलींचा समज होता. घरी मात्र न्हाणीत जाऊन कडी लावावी लागे. तिथून येणारे माझे आवाज ऐकून अक्कांनी जे निदान केलं ते कुठल्याही डॉक्टरला साधलं नसतं. सुनेचं पोट साफ होत नाही! रोज मला हिरड्याची पूड मिळू लागली. शेजारणींना बातमी गेली, त्यांनी एरंडेल सुचवलं. भीड भिकेची बहीण म्हणतात. मी वर्षभर निमूटपणे हिरडा गिळला. काळजाचं ते काळजाला ठाऊक, माझं पोट मात्र त्या घरात जे स्वच्छ झालं ते आजतागायत.

लग्नानंतरच्या दुसऱ्या श्रावणात आम्ही सगळे कानबाईला गावी गेलो. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे घरोघर ही देवी बसते. नारळाला डोळे-नथ लावून तिला चौरंगावर मांडतात आणि सोमवारी सकाळी चौरंग डोक्यावर घेऊन, वाजतगाजत नदीवर पोचवतात. कुठे-कुठे पांगलेले सगळे भाऊबंद त्यासाठी एका घरात जमतात. त्या वर्षी माझ्या जाऊबाईंची चार वर्षांची मुलगी तीन दिवस तापलेली होती. सोमवारी सकाळी तर तिच्या पोटात पाणीही ठरेना, डोळे खोल गेले होते. पण घरात शब्द चालायचा चुलतसासूबाईंचा, आणि त्यांचा दंडक असा की कानबाई उठेपर्यंत घरचं माणूस गावाबाहेर धाडायचं नाही. जाऊबाई मुलीला मांडीवर घेऊन भिंतीशी बसून राहिल्या होत्या.

बायका देवीपुढे फुगड्या घालत होत्या. मलाही ओढलं. दोन गिरक्या झाल्या आणि माझं काळीज सुटलं. मी मटकन खाली बसले, हात थरथरत होते, घाम फुटला होता, गळ्याची शीर उडत होती. चुलतसासूबाईंची नजर नेमकी तिथेच गेली.

"आंगमा उनी वं! कानबाई आंगमा उनी!"

म्हणजे देवी माझ्या अंगात आली. मी काही बोलायच्या आत माझ्या कपाळावर मळवट भरला गेला. काल मला भाकरी जाड थापते म्हणून हसणाऱ्या बायका आज पायावर डोकं ठेवू लागल्या. खोटं कशाला सांगू, क्षणभर बरं वाटलं. हे तर आयतंच पांघरूण मिळालं. इथून पुढे कधीही, कुठेही काळीज सुटलं तरी लपायला नको, हिरडा खायला नको. काळजाची रोगी म्हणून माहेरी धाडतील ही भीती नको. गप्प बसलं की झालं. कानबाईला कोण माहेरी धाडणार?

तेवढ्यात जाऊबाईंनी मुलगी माझ्या पुढ्यात आणून ठेवली. चुलतसासूबाईंनी माझा हात उचलून तिच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "बठ्ठं बरं व्हई जाई. आते दवाखानानं कामच नही." जाऊबाईंनी हात जोडले. हाताखाली ते पोर तव्यासारखं भाजत होतं.

मी म्हटलं, "दवाखान्यात न्या. आत्ताच्या आत्ता न्या." देवी म्हणून सांगितलं तर ऐकतील, एवढा हिशेब मी केला होता. पण चुलतसासूबाई माझ्याहून पोचलेल्या. त्या म्हणाल्या, कानबाई अशी बोलत नाही, तिला दवाखाना काय ठाऊक, ती रागावली आहे, अजून एक नारळ आणा. नारळ आणायला कुणीतरी धावलंसुद्धा. मुलीने डोळे पांढरे केले आणि माझ्या रागाचा पारा चढला. देवीच्या नावाने ह्या बायकांना समजत नसेल तर माणसाच्या नावाने सांगावं लागणार होतं, आणि ते सांगितलं की माझं घर गेलं. मला हे तेव्हा अगदी स्वच्छ कळत होतं.

"मी देवी नाही," मी ओरडले. "मला काळजाचा आजार आहे. लग्नाआधीपासून आहे. आम्ही तुम्हाला सांगितला नाही."

कुणाचा विश्वास बसला नव्हता, हे तोंडांवर दिसत होतं. मी अक्कांचा हात धरला आणि माझ्या मनगटावर ठेवला. "मोजून बघा," म्हटलं. मग पदर खोचून नाक धरलं आणि त्या पन्नास बायकांसमोर, मळवट भरल्या कपाळाने, कुंथले. एकदा कुंथले, जमलं नाही. मग न्हाणीतली पाण्याची बादली ओढून आणली आणि तिच्यात कानांपर्यंत तोंड घातलं. कुंकू पाण्यात विरघळून बादली लाल झाली. तोंड वर काढलं तेव्हा काळीज चालीवर आलं होतं. अक्कांनी पुन्हा माझं मनगट धरलं. त्यांनी डोळे मिटून ठोके ऐकले, कोंबडी आजारी आहे की नाही हे चाचपून बघत तसे.

"देवी जर मी म्हणेन तेव्हा निघून जाते," मी म्हटलं, "तर मग ती देवी कसली? पोरीला न्या हो कुणीतरी."

अक्का उठल्या. दारात जाऊन त्यांनी पुरुषांमधून मुलीच्या बापाला हाक मारली. "पोरले धुळाले लई जा. आग्रारोडले ट्रक भेटी." चुलतसासूबाई मागून म्हणाल्या, कानबाई रुसेल. अक्कांनी मागे वळूनही बघितलं नाही. "रुसू दे. तिले बी समजस."

मुलीला धुळ्यात दोन दिवस सलाइन लावलं, ती बरी झाली. आज तिला नातवंडं आहेत आणि ती माझ्याइतकीच तोंडाळ आहे.

आम्ही देवपुरात परतलो आणि घर गप्प झालं. ह्यांनी एवढंच विचारलं, "मला तरी सांगायचं?" मी म्हटलं, तुम्ही आधी अक्कांना सांगितलं असतं. आठ दिवसांनी भाजी निवडताना अक्कांनी विचारलं, "तुनी मायनी आमले काबरं सांगं नही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही मला करून घेतली असती?"

अक्कांनी विचार केला. खोटं त्यांना कधी जमलं नाही. "नही," म्हणाल्या, आणि भाजीची टोपली घेऊन आत गेल्या.

त्यानंतर हिरडा बंद झाला. काळीज सुटलं की माठातल्या गार पाण्याची बादली न्हाणीच्या दाराशी आपोआप येऊन बसायची, पण तिच्याबरोबर शब्द यायचा नाही. मी शाळेत जात होते, स्वयंपाक करत होते, नेहमीसारखी हसत-भांडत होते. मात्र माझी ट्रंक मी पलंगाखालून पुढे ओढून ठेवली होती. मला बोलणी खाता येतात, मारही सोसता आला असता. त्या बाईचं न बोलणं सोसेना.

पुढच्या श्रावणात चुलतसासूबाईंचा निरोप आला. माहेरच्यांनी आपल्याला फसवलं, त्या सुनेला कानबाईला आणू नका, तिला तिच्या घरी पोचवा. निरोप आणणारा गावचा माणूस ओट्यावर चहा पीत बसला होता. अक्का आत कानबाईच्या रोटासाठी, म्हणजे तिच्या नैवेद्यासाठी, गहू काढत होत्या. ह्या रोटाला घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू धरतात. बायकांची मूठ धरत नाहीत, दळायला आणि रांधायला मात्र त्याच. अक्कांनी सासऱ्यांची मूठ सुपात टाकली. ह्यांची टाकली, दिराची टाकली. मी जात्याशी बसू की ट्रंक भरू, ह्या विचारात दारात उभी होते. अक्कांनी पुन्हा कणगीत हात घातला आणि चौथी सव्वा मूठ सुपात ओतली.

"ही कोणाची, अक्का?"

"तुनी."

"बायकांची कुठे धरतात?"

त्यांनी सूप माझ्याकडे सरकवलं आणि ओट्यावरच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तुनं काळीज दोन माणसंस्नं काम करस. मंग तुनी मूठ काबरं नही?"