उसवलेली कॉलर

आमची धाकटी, म्हणजे माझी जाऊ, शिवणकाम करते. घरात आली आणि चार गोड शब्दांत सासूबाईंना खिशात घातलं तिनं. मी डायलिसिस टेक्निशियन. सासूबाई, म्हणजे आमच्या आई, डायलिसिसला आमच्याच वॉर्डात येतात, पण माझ्याकडून सुई टोचून घेत नाहीत. "तू रागानं टोचशील," म्हणतात! म्हणून त्यांना माझी मैत्रीण मशीन लावते, आणि मी पलीकडून ऐकते, "धाकटी येणार ना गं न्यायला?" जळफळाट होतो माझा. होतो तर होतो, लपवू कशाला? एकदा, फक्त एकदा, आईंनी आधी मला हाक मारावी, एवढंच हवं होतं.

आईंचे गाऊन धाकटीच शिवते. गळ्याशी काचतंय म्हटलं की ही कॉलर उसवून सैल करणार, वर टाळ्या पिटणार, "आईंनी अंग धरलं!" शेजारणीही आईंचे गाल बघून म्हणायच्या, "चेहरा कसा भरलाय! सुनेनं मनापासून केलं हो." सून म्हणजे तीच. मी तिथेच कप विसळत उभी.

परवा तिनं उसवून शिवलेला गाऊन माझ्यापुढे टाकला. "ताई, इस्त्री फिरवाल?" दातओठ खात मी इस्त्री करायला घेतला आणि शिवण तपासू लागले. एक तरी टाका वाकडा सापडावा! छे, सगळे सरळ. पण कॉलर पुन्हा वाढवलेली, दंडाची शिवण सोडलेली, आणि कंबर होती तेवढीच. अंग धरलेलं माणूस फक्त गळ्यात आणि दंडात कसं वाढेल?

इस्त्री बंद करून आईंच्या खोलीत गेले. वरची बटणं काढली. छातीभर निळ्या शिरांचं जाळं.

डोक्याकडून आणि दोन्ही हातांकडून येणाऱ्या मोठ्या शिरा गळ्याच्या हाडामागे जुळतात. उजवीकडची आखूड आणि सरळ. डावीकडची लांब, छातीच्या हाडामागून तिरकी पलीकडे जाणारी. दोन्ही मिळून एकच जाड शीर हृदयात उतरते. सुरुवातीला आईंना मानेतून डायलिसिसची नळी घातली होती, आधी उजवीकडून, मग डावीकडून. नळी कधीच काढली, पण तिच्या घासण्यानं ती जाड शीर आतून आवळत गेली होती. वाट अडलेलं रक्त चेहऱ्यावर तुंबत होतं, आणि आम्ही त्याला तब्येत म्हणत होतो.

"वाकलं की डोकं गच्च होतं?"

"होतं की. धाकटीला सांगितलं, तिनं गळा सैल केला."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू चिडतेस."

त्याच दिवशी त्यांना दाखल केलं. डॉक्टरांनी तारेवरून फुगा आत नेऊन शीर मोकळी केली. "अजून उशीर झाला असता तर श्वास कोंडला असता," ते म्हणाले. "लक्षात कुणाच्या आलं?"

मी तोंड उघडलं, तोवर धाकटी रडत बोललीसुद्धा. "आमच्या ताईंच्या! मी वेडी गळे सैल करत बसले. आईंचा जीव ताईंनी वाचवला."

आईंनी हात पुढे केला. मी पटकन पलंगाजवळ सरकले. तो हात माझ्यापुढून गेला आणि धाकटीच्या गालावर टेकला.

"किती मोठं मन गं तुझं," आई म्हणाल्या. "मोठीचंसुद्धा कौतुक करतेस."