पाणोबाची वैद्यकीय तपासणी

बॅजवाल्या काकांचा जन्म गेला खऱ्याखोट्याची पारख करण्यात. किरणोत्सर्गाजवळ काम करणारी माणसं छातीवर न्यूट्रॉन मोजणारा बॅज लावतात. तो बॅज खरं बोलतो की थापा मारतो, हे काका तपासत. किरणांची ठरावीक मात्रा द्यायची, बॅज किती सांगतो ते पाहायचं. पण न्यूट्रॉन अंगात शिरून उलटे फिरतात आणि बॅज तेही मोजतो, म्हणून त्याच्यामागे अंग हवं. जिवंत माणूस कोण उभा करणार? काका पाण्याने भरलेल्या चौकोनी टाकीवर बॅज लावत.

मग नवा कॉम्प्युटर आला. कामगाराच्या नावाशिवाय तो बॅज नोंदवून घेईना. काकांनी टाकीचं नाव लिहिलं, 'पाणोबा', आणि घरी येऊन सांगितलं.

"जन्मात एक खोटं लिहिलंत," काकू भाजी निवडत म्हणाल्या. "वरच्याने पाहिलंय. आता निस्तरा."

निस्तरायची वेळ महिन्याभरात आली. आरोग्य विभागाने सगळ्या चाचण्यांची बेरीज करून पत्र धाडलं: पाणोबा यांना मर्यादेच्या नऊपट मात्रा मिळाली असून त्यांना तत्काळ कामावरून दूर करावे. प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंनी टाकी कोठीत ठेवून कुलूप घातलं.

"बाई, ती टाकी आहे."

"दिसतंय हो मला. पण कागदावर माणूस आहे. डॉक्टरांचा दाखला आणा."

चार बॅज तपासायचे राहिले होते. त्याच संध्याकाळी पाचपर्यंत अहवाल गेला नाही तर प्रयोगशाळेची मान्यता जाणार होती, आणि उद्यापासून दोनशे कामगारांना बॅज मिळणार नव्हते. काकांनी एक बॅज नुसताच टांगून पाहिला. त्याने निम्मंच सांगितलं.

"दुप्पट करून लिहा की," बाई म्हणाल्या.

"पहिलंच खोटं अजून पचलेलं नाही," काका म्हणाले. किल्ली मागून घेतली आणि टाकी कडेवर घेऊन दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी पत्र वाचलं. टाकी काट्यावर ठेवायला लावली. "पंधरा किलो. तब्येत पार खालावलीय. जेवतो का?"

"नाही."

"तक्रार काय?"

"खालच्या कोपऱ्यातून झिरपतो."

"वयोमानाने होतं."

डॉक्टर थट्टा करताहेत की काय, हे काकांना शेवटपर्यंत कळलं नाही. दाखल्यावर लिहिलं होतं: अंगातील सर्व पाणी बदलावे, मग रुजू होण्यास हरकत नाही.

दवाखान्याच्याच नळावर काकांनी पाणोबा रिता केला, भरला आणि धापा टाकत परतले. चारही बॅज खरे निघाले. दोनाची मात्रा दिली की कुणी एक पूर्णांक नऊ दशांश सांगे, कुणी दोनाच्या जरा वर. पाचाला सात मिनिटं असताना अहवाल गेला. खाली काकांनी स्वतःच्या अक्षरात जोडलं होतं: पाणोबा ही टाकी आहे. नाव मी लिहिले, चूक माझी.

आठवड्याने उत्तर आलं. मान्यता कायम. पाणोबांविषयीचा खुलासा मात्र पाणोबा यांनी स्वतःच्या सहीने पाठवावा.

काकूंनी चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं. "मान्यता राहिली ना?"

"राहिली."

"मग त्याला म्हणावं, सावकाश शिक लिहायला."