भिंतीला चिकटवलेला तारपा

"मॅडम, साउंड एकदम वॉर्म आहे ना?" शंतनूने पुन्हा विचारलं.

"वॉर्म आहे. पण अर्धाच आहे," मी म्हटलं आणि एलपीवरची सुई उचलली.

शंतनू हा इव्हेंट मॅनेजर. चारोटीच्या अलीकडे, हायवेपासून आत असलेल्या एका रिसॉर्टमध्ये त्याने 'लिसनिंग लाउंज' काढली होती. संध्याकाळी पाहुणे जमणार होते. एकच संगीत आधी एलपीवर, मग कॅसेटवर, मग सीडीवर ऐकायचं आणि कोणतं आवडलं ते हात वर करून सांगायचं, असा कार्यक्रम. सिस्टिम लावून द्यायला मला बोलावलं होतं. आधी मी मुंबईत स्टुडिओत रेकॉर्डिस्ट होते. आता डहाणूत माझं वर्कशॉप आहे. जुने टेप डेक दुरुस्त करते, कॅसेटमधला आवाज कॉम्प्युटरवर घेऊन देते.

ऐकवायचं होतं ते तारप्याचं वादन. सायवनकडच्या एका पाड्यावरचे लहानूदादा, आता हयात नाहीत, त्यांनी अंगणात वाजवलेलं आणि तेव्हा कॅसेटवर उतरवलेलं. तारपा ज्यांनी ऐकला नसेल त्यांच्यासाठी सांगते. दुधीभोपळा, बांबूच्या नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. वाजवणारा फुंक मध्ये तुटू देत नाही. वर सूर फिरत राहतात आणि त्यांच्याखाली एक घुमणारा आवाज अखंड चालू असतो. आमच्याकडे दिवाळीच्या सुमाराला तो डोंगराच्या बाजूने ऐकू येतो. लांबून आधी तो घुमणारा आवाजच येतो, सूर नंतर कळतात.

एलपीवर नेमका तोच नव्हता. नुसते वरचे सूर चिरचिरत होते. आधी मला माझीच चूक वाटली. वायर तपासल्या, सुई बदलली, स्पीकर अदलाबदल करून पाहिले. काही फरक नाही. मग सीडी लावली. तेच. मग कॅसेट लावली आणि माझं डोकंच फिरलं.

कॅसेटमध्येही घुमणं नव्हतं. पण त्याहून वाईट म्हणजे सूं असा आवाजही नव्हता. कॅसेट म्हणजे चुंबकीय पट्टी, तिचा स्वतःचा असा एक बारीक सूं आवाज असतो, त्याला आम्ही हिस म्हणतो. एलपीत सुई खाचेतून घासत जाते, तिथे कडकड येते. सीडीत आवाजाचे आकडे केलेले असतात, तिथे असलं काही येत नाही. अंगणात रेकॉर्ड केलेली जुनी कॅसेट धुतल्यासारखी स्वच्छ वाजते म्हटल्यावर मला कळलं, ही मूळ कॅसेट नव्हेच.

"शंतनू, ही कॅसेट कशावरून भरली?"

"सीडीवरून."

"आणि एलपी?"

"सीडीचीच फाइल पाठवली प्रेसिंगला. का?"

"आणि सीडीच्या आधी ती फाइल कुणी साफ केली?"

"आमच्या एडिटरने. खूप हम होता मॅडम. सतत हूंऽऽऽ. त्याने सॉफ्टवेअरला दाखवलं, हा नॉइज आहे, काढून टाक. वन क्लिक!"

हा प्रकार समजून घ्या. सॉफ्टवेअरला अक्कल नसते. पंख्यासारखा एकसारखा चालणारा आवाज त्याला दाखवला की ते तो सगळीकडून पुसून टाकतं. तारप्याचं घुमणंही एकसारखंच चालतं. ज्या माणसाने आयुष्यभर दम कमावून तो आवाज अखंड ठेवला, त्याचा आवाज अखंड आहे म्हणूनच कचरा ठरला! आणि आता एकच खरवडलेली फाइल तीन कपडे घालून पाहुण्यांपुढे येणार होती आणि पाहुणे त्यात फरक शोधणार होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मूळ कॅसेट कुठाय?"

शंतनूने कौतुकाने मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. अख्खी भिंत कॅसेटींनी मढवली होती. ग्लू गनने एकेक चिकटवलेली. काहींची टेप उपसून झालरीसारखी खाली सोडलेली. मधोमध, चांगली दिसते म्हणून, निळ्या पेनाने 'लहानू तारपा' लिहिलेली कॅसेट.

मी सुंदरला फोन लावला. सुंदर ही लहानूदादांची मुलगी, अंगणवाडीत मदतनीस आहे. माझ्याकडून तिने एकदा टेपरेकॉर्डर दुरुस्त करून नेला होता, तेवढी आमची ओळख.

"बाची कॅसेट? ती रिसॉर्टवाल्यांनी ठेवली ना बाई. कॉपी काढून देतो म्हणाले, मग तिच्या बदल्यात सीडी दिली. जास्त टिकते म्हणाले."

"ऐकलीस सीडी?"

"आता कशी ऐकू? पेरण्या झाल्या. नवा भात घरात आल्याबिगर आमच्यात तारपा नाय वाजत. बाचा तर नायच."

"दुसरी कॅसेट आहे का कुठे?"

"नाय. तेवढीच. का बाई, काय झालं?"

काय झालं ते मला फोनवर सांगता येईना. नंतर बोलते म्हणाले. पेरणी झाली की तारपा खुंटीला लागतो तो नव्या भातापर्यंत, हे मला माहीत होतं. म्हणजे ही बाई बापाचा आवाज म्हणून ती सीडी पावसाळाभर जपणार होती. कापणीनंतर लावली असती तेव्हा कळलं असतं की आत बाप अर्धाच आहे. आणि तोवर ही भिंत जुनी झाली म्हणून उचकटून फेकलेली असती.

आणखी एक गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली. "शंतनू, तारपा वाजवणारे आहेत की आजही. त्यांना का नाही बोलावलं?"

"विचारलं होतं. गाडी पाठवतो म्हटलं. सीझन नाही म्हणाले. म्हणून तर रेकॉर्डचा कन्सेप्ट केला."

जिवंत माणसं नाही म्हणाली, म्हणून मेलेल्या माणसाला वाजवायला बसवलं होतं.

तेवढ्यात रिसॉर्टचे मालक शैलेशभाई आले. त्यांना सगळं सांगितलं. ते हसले.

"अरे बेन, एक कॅसेटसाठी एवढं काय? सीडी दिली ना त्या बाईला. नवी चीज दिली, जुनी घेतली. कोण ऐकतं आता कॅसेट?"

"तुमचे पाहुणे ऐकणार आहेत संध्याकाळी. त्यासाठीच मला बोलावलंत."

"ते तर एंटरटेनमेंट आहे. त्यात हम होता की नव्हता, कुणाला समजणार?"

"मला समजलं ना. आणि तिलाही समजेल. ती कॅसेट काढून द्या. परत करतो म्हणून आणली होती."

"भिंत खराब होईल, बेन."

"मग मी माझा अ‍ॅम्प्लिफायर आणि डेक काढून घेते. भिंत बघा म्हणावं पाहुण्यांना."

मी खरंच वायर गुंडाळायला लागले. शैलेशभाई शंतनूकडे बघायला लागले, शंतनू छताकडे. शेवटी शैलेशभाई म्हणाले, "काढा, काढा. पण सिस्टिम इथे राहू द्या आजचा दिवस."

मी कबूल झाले. कार्यक्रमाला मात्र थांबले नाही. पुढे कळलं, एलपीला सर्वांत जास्त हात वर झाले. अस्सल मातीचा आवाज, असं कुणीतरी म्हणालं म्हणे.

कॅसेट ओढली तशी तिची मागची बाजू भिंतीलाच राहिली. मला ते बघून रडू आलं, रागाने. पण कॅसेट मेली असं लगेच म्हणायचं नसतं. डबी फुटली तरी आतली पट्टी शाबूत असू शकते. पट्टी गुंडाळलेल्या दोन्ही चकत्या उचलून, पट्टीला पीळ न पडू देता, स्क्रूने उघडणाऱ्या दुसऱ्या डबीत बसवायच्या. वर्कशॉपमध्ये श्वास रोखून ते केलं. सुरुवातीची थोडी टेप ग्लूने खाल्ली होती, ती कापावी लागली. मग प्ले दाबलं. सूंऽऽ, कुत्र्याचं भुंकणं, कुणाचं तरी खोकणं, आणि मग ते घुमणं आलं. टेबलाच्या फळीला हात लावला तर हाताला कळत होतं. त्याची कॉपी मी काढली. काहीही साफ केलं नाही.

सुंदर घ्यायला आली तेव्हा सगळं सांगितलं. तिने कॅसेट हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाली, "मी विश्वास ठेवला बाई त्यांच्यावर."

"थोडंसं ऐकतेस का? खात्री करून घे."

"नाय. आता नको. तुम्ही ऐकलं ना? मग झालं."

कॅसेट पदरात गुंडाळून तिने नेली. मला आयुष्यात कामाचे दाखले पुष्कळ मिळाले, एवढा मोठा मिळाला नव्हता.

भात घरात आल्यावर तिने मला पाड्यावर बोलावलं. अंगणात टेपरेकॉर्डर खाटेवर ठेवला होता. भोवती घरची, शेजारची माणसं. सुंदरने बटण दाबलं. घुमणं सुरू झालं तशी बोलणी थांबली. सुंदर डोळे पुसत होती आणि हसतही होती. थोड्या वेळाने तिची म्हातारी आई चुलीकडे बघायला उठली. तारपा वाजत असताना नाचणारे त्याला पाठ दाखवत नाहीत, हा तिकडचा रिवाज. म्हातारी टेपरेकॉर्डरकडे तोंड ठेवून, एकेक पाऊल मागे टाकत, उलटी चालत घरात गेली.

एलपी चांगली, कॅसेट चांगली की सीडी, असं लोक मला अजून विचारतात. मी त्यांना आधी विचारते, आत माणूस पुरता आहे ना, ते बघितलंत का?