जुळ्यातलं का एकलं?

शिरूरहून दौंडला जाताना एस.टी.त शेजारी बसलेल्या त्या मेंढपाळाने मला अगदी वैताग आणला. मी मांडीवर कागद पसरले, की हा वाकून बघायचा. "एवढं काय लिवलंय, साहेब?"

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, तोही संख्याशास्त्राचा. ऐटीतच सांगितलं, की चिठ्ठ्या टाकून अर्ध्या अशक्त पोरांना औषध दिलं, अर्ध्यांना नुसतं गोड पाणी. सहा महिन्यांनी वजनात ठळक फरक दिसला नाही. आता दौंडच्या डॉक्टरांच्या हातात अहवाल पडला, की औषध बंद.

"आन् सुरवातीची वजनं?"

"मामा, चिठ्ठ्या टाकल्यात. दोन्हीकडं साधारण सारखीच पडतात."

त्याने तंबाखू मळून तळहात झटकला. "आमी दोन चारे करून बघतो, तवा आधी इचारतो, कोकरू जुळ्यातलं का एकलं? एकलं जन्मताच दांडगं असतं. ते धरलं न्हाई तर त्या लहान-मोठ्यात चाऱ्याचा गुण दिसतच न्हाई."

"म्हणजे निकाल आवडला नाही, की दुसरं गणित मांडायचं?" मी खेकसलो.

"ती तर लबाडी झाली. चारा घालायच्या आधीच ठरवायचं. तुमी काय ठरवलं व्हतं?"

चिडूनच मी मूळ आराखडा उघडला. सुरुवातीचं वजन धरून तुलना करायची, असं तिथं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. नंतर तसं गणित मांडायचा कंटाळा केला होता, तोही मीच; ती वजनं शिरूरच्या वहीतच पडून होती.

तो केडगावला उतरला. मीही उतरलो आणि शिरूरला परत जाणारी गाडी कधी आहे, ते विचारलं.