नसलेल्या इमारतींचे इंजिनियर

पाध्येकाका चित्रासमोर उभे राहिले की एक डोळा मिटून, अंगठा पुढे धरून चित्रातल्या कमानी मोजायचे. आयुष्यभर टेक्सासात पुलांची डिझाइन्स केली आणि रिटायर झाल्यावर डॅलसच्या एका म्युझियममध्ये लोकांना जुनी युरोपियन चित्रं दाखवली. ते गेले त्याला आता वर्ष होईल.

आमची ओळख माझ्या फुशारकीतून झाली. सासूसासऱ्यांना डॅलसजवळच्या अर्विंगमधल्या आमच्या घरून म्युझियम दाखवायला नेलं होतं. एका चित्रात समुद्रकाठी मोडके रोमन खांब, कमानी, मागे घुमट. मी ठोकून दिलं, "बाबा, कंपनीच्या कामाने इटलीला गेलो होतो ना, तेव्हा याच पायरीवर बसून कॉफी प्यायलो!"

कानाशी मराठी कुजबुज आली. "बरी होती का कॉफी? हे गाव चित्रकाराने घरी बसून रचलंय. घुमट एका शहरातला, खांब दुसऱ्यातले, समुद्र मनातला."

मी पांढराफटक. काका मात्र सासऱ्यांना मोठ्याने म्हणाले, "जावयांची नजर चांगली आहे हं!" आणि मला हळूच, "खोटं रचायला हरकत नाही रे, पण पेललं पाहिजे. बघ, याने एकही कमान आधाराशिवाय सोडलेली नाही."

काकांचं आमच्याकडे येणंजाणं सुरू झालं. पुढे लेऑफमध्ये माझी नोकरी गेली. व्हिसामुळे साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर सामान बांधायचं. बायकोला, मेघनाला, सांगायची हिंमत होईना. रोज लॅपटॉप आणि डबा घेऊन निघायचो आणि म्युझियममध्ये बसून अर्ज करायचो. नवव्या दिवशी काका शेजारी येऊन टेकले.

"ऑफिस इथे शिफ्ट केलं का?"

"वर्क फ्रॉम म्युझियम, काका!" माझा विनोद. मग खरं काय ते सांगून टाकलं.

"मेघनाला माहीत आहे?"

"नाही."

"मग तिला कशावर उभं केलंयस? ऊठ. मी ड्राइव्ह करतो."

काका दारात गाडीतच थांबले. मी आत जाऊन सांगितलं. मेघनाने माझ्या हातातला डबा काढून घेतला. मग म्हणाली, "नऊ दिवस डबा कुठे खाल्लास?"

"म्युझियमच्या बागेत."

"एकटाच?" आणि तिला रडूच फुटलं. मग यथेच्छ बोलली. मग म्हणाली, "रेझ्युमे दाखव." त्यात तिने पहिल्याच ओळीत दोन चुका काढल्या.

तेवढ्यात बेल वाजली. ऑगस्टच्या उन्हात पाऊण तास बसलेले काका घामाने निथळत उभे. "तुमचं चालू द्या सावकाश. मला फक्त बाथरूम दाखव गं."

एक्कावन्नाव्या दिवशी ऑफर आली. मी तडक काकांना फोन लावला.

"वा! मेघना काय म्हणाली?"

"तिला अजून... आधी तुम्हालाच केला."

"गाढवा, फोन ठेव!"

ठेवला, आणि बायकोला हाक मारली.